शिंजिरीण अंडी सोडून का उडते? ताण, संप्रेरकं आणि प्राण्यांचं आईबापपण

कपड्यांची_तार (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. फोंड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजिराच्या जोडीने घरटं टांगलंय. कोळिष्टकं, सालीचे कपचे, वाळक्या पाकळ्या, शिवाय आमच्या पायपुसण्याचे दोन निळे धागे. दारावर इवलासा छज्जासुद्धा काढलाय. आत दोन अंडी. कपडे आता गच्चीवर वाळतात. त्यावरून घरात जे झालं तो वेगळ्या धाग्याचा विषय.

अडचण अशी की शेजारच्या प्लॉटवर पायाचं काम निघालंय आणि दिवसभर ब्रेकर चालतो. आधी मादी अंड्यांवर बसली की मी कुंडीला पाणी घातलं तरी हलायची नाही, नुसती चोच बाहेर. आता ब्रेकरचा पहिला दणका बसला की भुर्र. बराच वेळ परत येत नाही. नर समोरच्या जास्वंदीवर चिवचिवाट करतो, पण अंड्यांवर बसायचं नाव नाही. सासूबाई म्हणतात, कोणाचा तरी हात लागला असणार, आता ती टाकणार. नवरा म्हणतो, तिला स्ट्रेस आलाय. पक्ष्याला स्ट्रेस येतो म्हणजे आत नक्की काय होतं? त्याने आईपण सुटतं का? आणि घरटं आतल्या खोलीत हलवलं तर?

मोरजेकार

हलवू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

तिरकस

पक्ष्यांनाही स्ट्रेस. आता त्यांच्यासाठी योगशिबिर भरवा. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

रानवाट

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी घरटं. मोरजेकार म्हणतात तेच, जागचं हलवू नका. नर बसत नाही याची काळजी नको. शिंजिरांत अंडी उबवणं मादीचंच काम, नर पिल्लं निघाल्यावर चारायला येतो. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी घरटं टाकतात हे खरं नाही. पण माणूस पुन्हा पुन्हा घरट्याशी आला तर टाकतात, विशेषतः अंडी नुकतीच घातलेली असताना. म्हणजे सासूबाईंचा निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं.

आता ताण. दणका बसला की पहिल्या काही सेकंदांत ॲड्रेनलिन उसळतं. ते उडण्यापुरतं. त्यामागोमाग मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला आणि पिट्युटरीकडून मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीला निरोप जातो, आणि रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) चढायला लागतं. पक्षी, सरडे, बेडूक, उंदीर यांच्यात हे. माणूस, गाय, कुत्रा आणि मासे यांच्यात मुख्यतः कॉर्टिसोल. हे चढायला काही मिनिटं लागतात. म्हणूनच अभ्यासक रानात पक्षी जाळ्यात धरला की तीन मिनिटांच्या आत पंखाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेतात. उशीर झाला की मोजली जाते ती आपल्याच हाताची भीती.

त्या पहिल्या थेंबात सापडते रोजची पातळी. मग त्याच पक्ष्याला कापडी पिशवीत अर्धा तास ठेवून परत थेंब घेतात, ती उसळी. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत, आणि बहुतेक बातम्यांत त्यांचा काला झालेला असतो. रोजची पातळी थोडी चढली म्हणजे प्राणी दुःखी, असं नाही. ट्री स्वॉलो नावाच्या अमेरिकी पाकोळ्यांच्या घरट्यांत संशोधकांनी मुद्दाम जादा पिल्लं ठेवली, तर आयांची रोजची पातळी वाढली. कॉर्टिकोस्टेरॉन साठवलेली साखर-चरबी मोकळी करतं, भूक चाळवतं, हिंडायला लावतं. चार तोंडं जास्त भरायची तर ते हवंच.

उसळीचं काम निराळं. जॉन विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडणी केली, की वादळ, उपासमार, शिकारी असं संकट आलं की हे संप्रेरक प्राण्याला चालू काम सोडून जीव वाचवायच्या कामाला लावतं. वीण, गाणं, हद्दीची भांडणं सगळं बाजूला. स्वतः जगलात तर पुढच्या मोसमात पुन्हा पिल्लं. तुमची शिंजिरीण उडते ती आईपण विसरून नाही. यंदाची दोन अंडी एका पारड्यात, आपला जीव आणि पुढच्या सगळ्या विणी दुसऱ्या. ब्रेकर म्हणजे घार नव्हे, हे तिला कोण सांगणार?

तिरकस

म्हणजे माया-ममता काही नाही, नुसता हिशेब?

गोठा_आणि_पोटमाळा

तिरकसराव, मी गुरांचा डॉक्टर. माया रक्तातून कशी वाहते ते गोठ्यात रोज बघतो. नवा माणूस धार काढायला बसला, शेजारी फटाका फुटला, की गाय पान्हा चोरते. लोक म्हणतात खट्याळ आहे, आणि दोन दणके घालतात. चोरत नाही बिचारी. वासराने ढुशी दिली किंवा कासेला हात लागला की ऑक्सिटोसिन सुटतं आणि दूध सडात उतरतं. ती भ्यालेली असली की ॲड्रेनलिन आड येतं. दूध कासेत असतं, उतरत नाही. मारल्याने आणखी अडतं. पहिलटकरणीला तर धार काढायच्या आधी दोन मिनिटं मान खाजवा, नुसतं बोला. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचणाऱ्यांबद्दल इथे लिहिलं तर प्रतिसाद उडेल, म्हणून थांबतो.

दुसरं संप्रेरक प्रोलॅक्टिन. त्याचं चालतंबोलतं उदाहरण (खरं तर बसलेलं) म्हणजे खुडूक कोंबडी. पिसं फुलवून बसते, हात घातला की टोचते, दाणापाण्यापुरती उठते, आणि खाली अंडं नसलं तरी दगडावर बसेल. ते प्रोलॅक्टिन बसवतं. कोणी तिचं पोट पाण्यात बुडवतं, कोणी जाळीच्या तळाच्या खुराड्यात टाकतं. पोटाची ऊब मोडली की खुडूक उतरते.

रानवाट

वा डॉक्टर, हाच दुवा राहिला होता. कॉर्टिकोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन यांची ओढाताण समुद्रपक्ष्यांत छान दाखवली गेलीय. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर किटिवेक नावाचे कुरवजातीचे पक्षी कड्यांवर वीण घालतात. काहींच्या कातडीखाली कॉर्टिकोस्टेरॉनची बारीक कुपी बसवली. प्रोलॅक्टिन उतरलं आणि घरट्यावरची हजेरी कमी झाली. ना शिकारी, ना उपासमार, फक्त संप्रेरक.

पिल्लांच्या बाजूनेही पाहिलं गेलंय. किटिवेकच्या पिल्लांत हेच संप्रेरक वाढवलं, तर ती खाण्यासाठी जास्त हाका मारू लागली आणि आईबापांनी जास्त आणून घातलं. म्हणजे उपाशी पिल्लाला ते कामाचंच. पण अशी पिल्लं मोठी झाल्यावर खाणं कुठे मिळतं हे शिकण्यात मागे पडली. आजचं पोट भरलं ते उद्याच्या अकलेच्या खात्यातून.

तिरकस यांच्या हिशेबाबद्दल: हिशेब आहे, पण आकडे परिस्थितीप्रमाणे बदलतात. फ्रान्समध्ये २००७ साली चिमण्यांवर प्रयोग झाला. काही घरट्यांतली पिल्लं उचलून दुसऱ्या घरट्यांत ठेवली. मग आईबापांना पिशवीत ठेवून उसळी मोजली. ज्यांच्या घरट्यात पिल्लं जास्त, त्यांची उसळी कमी! शरीराने स्वतःच ताणाचा आवाज कमी केला, कारण सोडून जाण्याची किंमत वाढली होती. २००९ मध्ये पक्ष्यांच्या ६४ जाती एकत्र तपासल्या तेव्हाही तेच दिसलं. ज्या जातींना आयुष्यात विणीच्या संधी थोड्या, त्या चालू विणीला चिकटून राहतात आणि त्यांची उसळी दबलेली असते. ज्यांना पुढे खूप संधी, ते लवकर हात झटकतात. याला माया म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी म्हणतो.

सांजकावळा

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. ब्रेकरने कोणाला इजा तर होत नाही, नुसता आवाज. नुसत्या आवाजाने एवढं होतं?

रानवाट

होतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर गाणाऱ्या चिमणीजातीच्या पक्ष्यांची घरटी जाळी आणि विजेची कुंपणं घालून सुरक्षित केली, म्हणजे खरा शिकारी शिरूच नये. मग काही ठिकाणी स्पीकरवर शिकाऱ्यांचे आवाज वाजवले, काही ठिकाणी निरुपद्रवी प्राण्यांचे. शिकाऱ्यांचे आवाज ऐकणाऱ्यांची वर्षाची पिल्लं ४० टक्क्यांनी कमी भरली. अंडी कमी, बसणं कमी, चारणं कमी. कोणी कोणाला खाल्लं नव्हतं. हे २०११ चं काम.

उलट बाजूने पाहायचं तर ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस कॅनडाच्या बे ऑफ फंडीत जहाजांची ये-जा घटली आणि पाण्याखालचा गोंगाट उतरला. तिथल्या राइट व्हेल देवमाशांची विष्ठा संशोधक आधीपासून गोळा करत होतेच. त्या दिवसांच्या नमुन्यांत ताणाच्या संप्रेरकांचे अंश कमी निघाले. व्हेल काही पेपर वाचत नव्हते.

सत्तरीचं_रान

विष्ठेचा विषय निघाला म्हणून. २०२० च्या जानेवारीत म्हादई अभयारण्यात चार वाघ मारले गेले, २०२३ च्या मार्चमध्ये रान पेटलं. आग विझवायला फांद्या घेऊन धावलेले आम्हीच. नंतर कितीतरी दिवस गवे दिवसाउजेडी बागायतीत, शेकरं वस्तीजवळच्या फणसांवर. या जनावरांचा ताण कोणी मोजतं का? जिवंत वाघाचं रक्त कोण काढणार?

रानवाट

रक्त नको, लेंड्या-विष्ठा पुरतात. संप्रेरकांचे तुटलेले अंश त्यात उतरतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची लॅकोन्स प्रयोगशाळा वन्यप्राण्यांत अशी मोजणी करते. रक्तात त्या क्षणाची भीती दिसते, विष्ठेत मागच्या काही तासांची किंवा दिवसाची गोळाबेरीज. पक्ष्यांच्या पिसात तर पीस वाढत होतं त्या सगळ्या काळाची नोंद राहते.

पण आकड्यांवर झडप घालू नये. पावसात भिजलेली, उन्हात पडलेली विष्ठा वेगळंच सांगते. गाभण मादीचे आकडे मुळातच निराळे. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे आधीचे आकडे हातात नसतील तर नंतरचे कशाशी ताडणार? आगीनंतर घाईघाईने नमुने गोळा करून 'ताण दुप्पट' अशी बातमी कोणी दिली तर मी विश्वास ठेवणार नाही. सुरुवात शांत वर्षात करायला हवी. शांत वर्षी पैसे कोण देतं, ते सोडा.

कपड्यांची_तार

देव बरें करूं सगळ्यांना! ताजी खबर: साइटवरच्या मुकादमाला चहा पाजून सांगितलं. सकाळी दहापर्यंत आणि दुपारी दोन तास आमच्या बाजूला ब्रेकर नाही, तेव्हा पलीकडचा कोपरा. कबूल झाला, बहुतेक वेळा पाळतोही. काल एक अंडं फुटून पिल्लू बाहेर आलं. दुसरं अजून तसंच आहे. आणि गंमत म्हणजे आता दणका बसला तरी ती पूर्वीसारखी उडत नाही. पिल्लू निघालं म्हणून?

रानवाट

त्यामुळेही, सवयीमुळेही. पिल्लू निघालं म्हणजे तिची एवढी मेहनत आत गुंतली आणि परत नव्याने सुरुवात करायला मोसम तेवढा उरला नाही. एका घरट्यावरून मात्र नक्की सांगता येत नाही. दुसरं अंडं काढू नका, ती काय करायचं ते करेल. आता नर चारायला लागेल बघा. बारीक कोळी आणि अळ्या आणतो, मध नाही. जास्वंदीवर फवारणी करणार असाल तर थांबा.

तिरकस

हे वाचताना पॉपकॉर्न संपले. खरा प्रश्न विचारतो. मग ताण वाईट की चांगला? एकदा म्हणता पिल्लं घटतात, एकदा म्हणता तो हवाच.

रानवाट

आला ना मुद्द्यावर! संपणारा ताण आणि न संपणारा ताण, फरक तिथे आहे. वादळ येतं, जातं. संप्रेरक चढतं, काम करतं, मेंदू त्याला ओळखून नळ बंद करतो. रस्त्याचं रुंदीकरण वर्षभर चालतं. नळ बंद व्हायची पाळीच येत नाही. मग वीण राहते, प्रतिकारशक्ती खालावते.

शिवाय ताण कधी कधी आईकडून पिल्लांना दिलेली खबर असते. कॅनडातल्या युकॉनमध्ये लाल खारींच्या रानात संशोधकांनी खारींच्या हद्दीच्या आरोळ्या स्पीकरवर वाजवल्या. खारी वाढल्या नव्हत्या, नुसता गर्दीचा भास. गाभण आयांची संप्रेरकं चढली आणि त्यांची पिल्लं झपाट्याने वाढली. खरोखर गर्दी असती तर अशीच पिल्लं जागा पटकावून तगली असती. ऑस्ट्रेलियातले झेब्रा फिंच तर अंडी फुटायच्या शेवटच्या दिवसांत, हवा २६ अंशांच्या वर गेली की अंड्यातल्या पिल्लांना ऐकू जाईल अशी खास हाक देतात. ती ऐकलेली पिल्लं उकाड्यात लहानखुरी राहतात, आणि पुढे त्यांनाच जास्त पिल्लं होतात.

घोळ होतो तो खबर खोटी ठरली की. आई सांगते एक आणि पिल्लू बाहेर पडतं तोवर रान दुसरंच. आपल्या सड्यांवरच्या (कातळपठारांवरच्या) पावसाळी डबक्यांचं बघा. अमेरिकेतल्या स्पेडफूट बेडकांत दाखवलंय की पाणी आटायला लागलं की बेडूकमाशांची ताणाची संप्रेरकं चढतात आणि ते घाईने बेडूक होतात. आकाराने लहान, पण जिवंत. डबकं हळूहळू आटलं तर ही युक्ती चालते. जेसीबीने एका दुपारी बुजवलं तर कुठलं संप्रेरक धावणार?

गोठा_आणि_पोटमाळा

अवांतर: उंदरांचं ते चाटण्याचं काम सांगा ना.

रानवाट

थोडक्यात सांगतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी यांच्या गटाने पाहिलं की काही उंदरीण आया पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. जास्त चाटलेली पिल्लं मोठेपणी ताणातून लवकर सावरतात. पिल्लांची अदलाबदल केली तरी गुण सांभाळणाऱ्या आईचा उतरतो. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की चाटण्याने मेंदूतल्या कॉर्टिकोस्टेरॉन ओळखणाऱ्या ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात. तो नळ बंद करणारी यंत्रणा म्हणजे याच ग्राही. आता तिरकसरावांनी माया आहे की नाही ते सांगावं.

तिरकस

आहे बाबा, आहे.

दुर्भाटचें_खाजन

पक्षी झाले, उंदीर झाले, आमच्या मानगीला, म्हणजे मगरीला, विसरलात! आमच्याकडे पौषातल्या अवसेला खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) चिखलाची मगर करून पुजतात, शिंपल्यांचे डोळे-दात लावून. मानगे थापणी. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आजही आहेत. आजोबा सांगायचे, मगरीण पिल्लं तोंडात धरून पाण्यात नेते. लोक म्हणायचे, खाते.

रानवाट

आजोबांना दंडवत. अगदी खरं. मगरीण उन्हाळ्यात काठाला खड्डा करून अंडी पुरते, राखण करते, आणि पिल्लं आतून ओरडू लागली की उकरून तोंडातून पाण्यात नेते. चेन्नईजवळच्या मगर केंद्रात नरांनीही पिल्लं वाहून नेल्याची नोंद आहे. ऊन-सावलीचा खेळ इथे आणखी सूक्ष्म आहे. पिल्लू नर की मादी, ते घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं. २८ ते ३१ अंशांत सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास नर. तो काठ दगडांनी बांधून काढला, झुडपांची सावली तोडली, तर आईच्या संप्रेरकांपर्यंत जायलाच नको. जागा निवडणं हीच तिची पहिली निगा, आणि तीच आपण काढून घेतली.

मोरजेकार

मग आमच्या कासवांचं सांगतो. मी मोरजीच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये काम करतो. कासवीण पाण्यातून वर येत असताना कोणी मोबाइलचा टॉर्च मारला की ती तशीच वळते आणि समुद्रात जाते. पण एकदा अंडी घालू लागली की भोवती माणसं जमली तरी हलत नाही. मला वाटायचं दमलेली असते.

रानवाट

बघा, पुन्हा तोच हिशेब. ऑलिव्ह रिडले माद्यांवर कोस्टा रिकात काम झालंय. पाठीवर उलथं करून ठेवलं तरी विणीतल्या कितीतरी माद्यांत कॉर्टिकोस्टेरॉनची उसळी फारशी येत नाही. एवढा समुद्र ओलांडून आल्यावर घाबरून परतणं परवडणारं नसतं. म्हणून ती बधिर आहे असं समजून तिच्याबरोबर फोटो काढू नका. आणि अंडी घातल्यावर ती परत येत नाही, त्यामुळे पिल्लांची सगळी भिस्त त्या एका रात्रीच्या जागेवर.

तिरकस

म्हणजे मोरजीत दिवे बंद आणि संगीत बंद? पर्यटक जाणार कुठे?

मोरजेकार

तिरकसबाब, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर कायद्याने बंदच आहे, कासव असो नसो. दिवे आम्ही समुद्राच्या बाजूचे मोसमात मालवतो. गिऱ्हाईक आधी कुरकुरतं, मग कारण सांगितलं की तेच दुसऱ्याला गप्प करतं. पिल्लं उजेडाकडे धावतात. शॅकचा बल्ब चालू राहिला तर ती समुद्र सोडून आमच्या किचनकडे येतात. आमची खरी डोकेदुखी कुत्री. वनखातं घरट्यांना जाळी लावतं, पण खात्याच्या माणसाची नजर पडायच्या आत कुत्र्याने उकरलं तर? गलजीबाग किंवा आगोंदच्या कासवकिनाऱ्यावरचं कोणी वाचत असेल तर सांगा, तुमच्याकडे रात्रीची राखण कोण करतं आणि कुत्र्यांचं काय करता?